दोन मिलीअँपियरची काळजी

जगात जेवढी म्हणून काळजी आहे, तिच्यातली निम्मी माझ्या दाजींनी एकट्यानं केलेली आहे, आणि उरलेली निम्मी बाकीचे लोक नीट करताहेत की नाही, याचीही काळजी त्यांनाच असते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोरला राहतात. बत्तीस वर्षं वीज खात्यात वायरमन होते, पण एवढ्या वर्षांत विजेशी त्यांची सलगी काही झाली नाही. कधीही उलटेल अशा पाहुण्याकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत. कुणाच्या घरी गेले की आधी फ्रीजला उलटा हात लावून बघायचे, मग बसायचे. माझ्या लग्नात त्यांनी मांडवाच्या लोखंडी खांबांना टेस्टर लावला, नवरदेवाच्या खुर्चीला लावला, आणि मंगलाष्टकं चालू असताना गुरुजींच्या हातातल्या माइकला लावायला निघाले, तेव्हा आक्कानं त्यांचा शर्ट धरून त्यांना मागं ओढलं. त्या लग्नातला एकही फोटो असा नाही, ज्यात दाजी वर मांडवाच्या वायरींकडे बघत नाहीत.

मी किकवीला राहतो आणि हायवेच्या पलीकडच्या शाळेत शिकवतो. त्यामुळे दाजींचा रोज सकाळी फोन. "मास्तर, हायवे वलांडला का?" मी हो म्हणालो की, "बघून वलांडला का?" एकदा मी वैतागून म्हणालो, "दाजी, ओलांडून झाला, आता बघून काय करू?" तर पलीकडून फोन ठेवला गेला. नंतर आक्काचा फोन आला की ह्यांनी नाश्ता केला नाही, तू बरा आहेस ना. तेव्हापासून मी मुकाट्यानं 'बघून ओलांडला' असं सांगतो. पण त्यांच्या काळजीला हसताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. एका वर्षी आषाढात एका वाडीजवळ भाताच्या खाचरात तार तुटून पडली होती. लाइन वरून बंद केलीय असं साहेबांनी फोनवर सांगितलं होतं. दाजींचा त्यावर विश्वास बसेना. खाचराच्या बांधावर छत्री घेऊन ते पाच तास उभे राहिले, आणि लावणीला निघालेल्या बायकांना हात जोडून परत पाठवत राहिले. शेवटी दुसरा माणूस सबस्टेशनवर जाऊन बघून आला. लाइन चालूच होती.

गेल्याच्या गेल्या थंडीत एका सकाळी भाकरी मोडता मोडता दाजींच्या हातातून ती खाली पडली. त्यांनी ती परत उचलायला हात नेला, तर हात गेलाच नाही. उजवी बाजू गेली होती. दाजींनी साप, वीज, दरड, हायवे, गॅसची टाकी, सगळ्याची काळजी आधी करून ठेवली होती. हे त्यांच्या यादीत नव्हतं. पुण्याला नेलं, वेळेत नेलं, पाय पुष्कळसा सुधारला, वाचा परत आली, पण उजव्या हाताची बोटं मिटलेलीच राहिली. सहा महिने व्यायाम झाला. पेला धरता येईना, सही करता येईना. शर्टाची बटणं आक्का लावायची.

पुण्यातल्या ज्या दवाखान्यात दाखवत होतो, तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई अशा हातांवर अभ्यास करत होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. आपण एखादी हालचाल नुसती मनात, नीट, सावकाश केली, तरी मेंदूचा तोच भाग जागा होतो जो खरी हालचाल करताना होतो. तेव्हाच बाहेरून त्या भागाला अगदी बारीक करंट दिला, तर तो भाग शिकायला जास्त तयार होतो का, हे त्यांना बघायचं होतं. तीन आठवडे, आठवड्याला पाच दिवस. मे महिन्याची सुट्टी होती, मी हो म्हणालो. बाहेर आल्यावर दाजींनी एवढंच विचारलं, "मास्तर, डोक्याला करंट म्हनली का त्या?"

पहिल्या दिवशी भोरहून निघालेल्या एसटीत ते कापूरहोळपर्यंत रस्त्याकडेच्या तारा बघत बसले. तिथं गाडी थांबली, तेव्हा म्हणाले, "तीस मिलीअँपियरला घरचा सेफ्टी स्विच पडतो. त्याच्यावर मानसाचं काय खरं न्हाई." दवाखान्यात गेल्यावर त्यांनी डाव्या हातानं खिशातून मीटर काढला आणि टेबलावर ठेवला. बाईंना म्हणाले, "किती देनार?"

"दोन मिलीअँपियर, काका."

"मशिनीचा प्लग कुटंय?"

"प्लग नाही. बॅटरीवर चालतं. नऊ व्होल्टची बॅटरी आहे."

"नऊ व्होल्टावर आमचा ट्रान्झिस्टर वाजायचा," दाजी म्हणाले. "आर्थिंग?"

"बॅटरीला आर्थिंग लागत नाही."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. आर्थिंग नसलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. तेवढ्यात बाईंनी दोन स्पंजाचे तुकडे मिठाच्या पाण्यात भिजवून आणले, आणि हे आता डोक्याला बांधायचे असं सांगितलं. दाजी खुर्चीतून उठले. "मास्तर, वल्या हातानं बटनाला हात लावू नका म्हनून म्या बत्तीस वर्सं गावोगाव सांगत हिंडलो. आन् ह्या मिठाचं पानी लावून टकुऱ्याला..." त्यांना परत बसवायला अर्धा तास लागला.

पण खरी काळजी पुढंच होती. ज्या कागदावर त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवायचा होता, त्यात लिहिलं होतं की काही पेशंटना खरा करंट मिळेल आणि काहींना नुसता सुरुवातीला थोडा वेळ देऊन बंद केला जाईल. सुरुवातीची खाज दोघांनाही सारखीच जाणवणार. कुणाला कुठला, हे पेशंटला कळणार नाही आणि बाईंनाही कळणार नाही. मशीनला एक आकडा टाकायचा, त्याचा अर्थ दुसऱ्याच कुणाकडे. म्हणून मीटर लावून मोजायचं नाही, मोजलं तर सगळं काम वाया जाईल, असं बाई म्हणाल्या. दाजींनी डाव्या हाताचं बोट फिरवत तो कागद परत वाचला. "म्हंजे लाइन चालू हाय का बंद हाय, ते लाइन टाकनाऱ्यालाच ठावं न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्यात आसं झालं की मानूस मरतो, बाई." बाई हसल्या नाहीत. त्यांनी मीटर घेतला, रुमालात गुंडाळून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तीन आठवड्यांनी परत देईन म्हणाल्या. दाजींनी अंगठा उठवला. परतीच्या वाटेवर मला म्हणाले, "खरा आसला तर डोकं जाईल, खोटा आसला तर हात जाईल. कशाची काळजी करायची तेच कळंना."

मनातला सराव मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून जमला. जमणारच. जे समोर नाही ते डोळ्यांपुढं उभं करण्यात त्यांनी जन्म घालवला होता. बाई हळू आवाजात वाचून दाखवायच्या, की टेबलावर पेला आहे, तुमचा हात पुढं जातोय, बोटं उघडताहेत, पेल्याला लागताहेत, आता उचला. रोज संपल्यावर विचारायच्या, किती स्पष्ट दिसलं, सातातले किती. दाजी रोज म्हणायचे, सात. बाई खूश होत्या. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की दाजींचा शर्ट घामानं भिजलाय. त्यांनी घाबरून विचारलं, "काका, नेमकं काय दिसतं तुम्हाला?"

"पेला उचलला," दाजी म्हणाले. "काचंचा पेला. हातातनं निसाटला, फुटला. पानी फरशीवरनं त्या कोपऱ्यातल्या बोर्डाकडं गेलं. तुमी हितं पानी पुसाय वाकलेल्या. म्या पळत जाऊन मेन बंद केला."

"रोज हेच दिसतं?"

"रोज. काल मेनपतुर पोचाय उशीर झाला." त्यांनी कोपऱ्यातल्या बोर्डाकडे बघितलं. "काल तुमी वाचला न्हाई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही गेले चार दिवस पेला सोडून द्यायचा सराव करताय, हात तेच शिकेल. पडू न देता उचलायचं, बस. दाजींनी मान डोलावली, पण त्यांना ते जमेना. पाचव्या दिवशी पेला पडला, सहाव्या दिवशी पडला. मी पडू नको म्हणतो तसा तो जास्तच पडतो, असं ते सांगायचे. रात्री जेवायचेही नाहीत. आक्काचा मला फोन यायचा, की हात राहू दे, तू ह्यांना परत आण.

त्या दवाखान्याच्या बाकावर आमच्या नंतरच्या वेळेचा एक पेशंट बसलेला असायचा. गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात जो धनगरवाडा आहे, तिथले आबा. सत्तरीचे, सडपातळ, खांद्यावर घोंगडी, उजवा हात दाजींसारखाच छातीशी मुडपलेला. पुण्यात पुतण्याच्या खोलीवर राहून ते उपचार घेत होते. त्यांची अडचण उलटी होती. त्यांना मनात काही दिसायचंच नाही. बाईंनी विचारलं की ते म्हणत, "डोळं मिटल्यावर काय दिसनार? अंधार." सातातला एक, रोज. जन्मभर त्यांनी काम आधी मनात करून बघितलंच नव्हतं. सरळ उठून केलं होतं. सहाव्या दिवशी दाजी बाहेर येऊन बाकावर बसले आणि आपली हकीकत मला सांगू लागले, ती आबांनी ऐकली.

"वायरमन," आबा म्हणाले, "मनातला पेला काचंचा कशाला घेता? स्टीलचा घ्या की."

दाजींनी त्यांच्याकडे बघितलं.

"पडला तर पडला. वाजंल जरा. परत उचला."

एवढंच. पण सातव्या दिवशी दाजींच्या डोक्यात स्टीलचा पेला आला. तो पडला, वाजला, दाजींनी परत उचलला. आठव्या दिवशी दोनदा पडला. दहाव्या दिवशी दाजींनी बाहेर येऊन आबांना सांगितलं, "आज पानी प्यालो." आबा म्हणाले, "थंड हुतं का?" दाजींनी विचार करून सांगितलं, "व्हय. माठातलं."

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दाजींची बोटं जरा सुटली. अंगठा बोटांपासून बाजूला जाऊ लागला. खरा पेला, अर्धा भरलेला, टेबलावरून दोन इंच उचलला गेला. आम्ही परत येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मास्तर, एक सांगतो, आक्काला बोलू नगा. ती माझ्या आदी गेली तर माझी बटनं कोन लावंल, हे मला सहा म्हैनं खात हुतं." मग थोड्या वेळानं, "आन् म्या आदी गेलो तर तिला मेन बंद कराय येत न्हाई." पावसाळा संपेपर्यंत ते पाचातली तीन बटणं स्वतः लावायला लागले. खालची दोन आक्का लावते. आता तिला सकाळी घाई नसते, तरी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहते आणि खालच्या बटणांची वेळ येईपर्यंत वाट बघते.

दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. अभ्यास संपला होता, आकड्यांचा अर्थ आता सांगता येत होता. दाजींचा करंट खरा होता. बाईंनी बजावून सांगितलं की एकट्या माणसावरून काही ठरत नाही, करंटमुळं झालं, सरावानं झालं की हात आपोआप सुधारत होता, हे सगळ्यांचं मिळून बघावं लागेल. दाजींनी ते काही ऐकलं नाही. बत्तीस वर्षं ज्याची धास्ती घेतली, तो आपल्या डोक्यातून पंधरा दिवस जाऊन आला आणि काही मोडलं नाही, हे त्यांना पचवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी काळजी काढली. आबांचं काय?

बाईंनी दुसऱ्या पेशंटचं सांगायला नकार दिला. आबांचा मोबाईल डोंगरात एका ठरावीक दगडावर उभं राहिल्याशिवाय लागत नाही. दाजी दिवसातून दहा वेळा लावत राहिले. चौथ्या दिवशी आबा त्या दगडावर सापडले.

"माझी लाइन बंद हुती म्हनं," आबा शांतपणे म्हणाले. "आता खरी देतो, या, म्हनल्यात बाई. पन पुतन्यानं खोली सोडली. आन् पोरगं जनावरामागं. राहू द्या. चाललंय."

मला वाटलं, दाजी हळहळतील आणि गप्प बसतील. पण त्यांच्या मनात भलतंच बसलं होतं. पेला स्टीलचा करायचं आबांनी सांगितलं, आणि करंट आपल्याला मिळाला, हा कुठला हिशेब, असं ते आक्काला म्हणत राहिले. आजारपणापासून ते एकटे घराबाहेर पडले नव्हते. एका सकाळी स्वतः तीन बटणं लावून, आक्काकडून दोन लावून घेऊन, ते एकटे एसटीत बसले, नसरापूर फाट्यावर उतरले, आणि वेल्ह्याकडून येणाऱ्या जीपची वाट बघत दोन तास उभे राहिले. तेवढ्या वेळात त्यांनी मला सात वेळा फोन केला. आबांना न्यायला येतो, असा निरोप आधी ठेवला होता, पण ते येतील का, जीप उलटली तर, ते फाटा चुकले तर. आबा आले. तीन आठवडे भोरला दाजींच्या घरी राहिले. दाजींनी त्यांच्या खोलीतला पंख्याचा स्विच बदलला, पलंगाला उलटा हात लावून बघितला, आणि रोज त्यांना घेऊन पुण्याला जाऊ लागले.

आता अभ्यास संपला असल्यानं सगळ्यांना एकच मजकूर वाचायची सक्ती नव्हती. दाजींनी बाईंना विचारलं, पेल्याऐवजी दुसरं चालेल का. आबांना पेल्याचं काय कौतुक? त्यांचा हात जन्मभर म्हशीच्या धारेचा. बाईंनी परवानगी दिली. मी एका शनिवारी गेलो, तेव्हा आबा डोक्याला ओला स्पंज बांधून डोळे मिटून बसले होते आणि शेजारच्या स्टुलावर दाजी हळू आवाजात सांगत होते.

"भुरी बांदलीया. पान्हावलीया. आता अंगठा आत मुडपा. सांबाळून बसा, लाथ मारंल."

"ती न्हाई मारत," आबा डोळे न उघडता म्हणाले.

"मारली तर?"

"वायरमन, म्हस माझी हाय का तुमची?"

दाजी लाथेचं सोडून परत अंगठ्यावर आले. मग आबांच्या चेहऱ्यावरचे स्नायू सैल पडत गेले, आणि मुडपलेल्या हाताचा अंगठा अगदी किंचित, तळव्याच्या आत गेला. बाईंनी विचारलं, सातातले किती? आबांनी डोळे उघडून अंगठ्याकडे बघितलं. "दिसलं न्हाई काय," ते म्हणाले. "पन हाताला ऊन लागलं. दुधाचं." बाईंनी किती लिहिले मला माहीत नाही.

फार काही झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तीन आठवड्यांनी आबांचा अंगठा आणि दोन बोटं एकमेकांना भेटू लागली. पकड लहान मुलाएवढी. त्यांना जीपमध्ये बसवून दिल्यावर दाजींना घर खायला उठलं. रोज तो फोन, तो दगड. धार काढायला बसले असतील का, भुरीनं लाथ मारली असेल का, तोल गेला तर गोठ्यात उचलायला कोण. शेवटी आक्का मला म्हणाली, ह्यांना एकदा दाखवून आण बाबा.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही गेलो. गुंजवण्यापर्यंत गाडीवर, मग तासभराची चढण. दाजी काठी टेकत, दर दहा पावलांना मला काही ना काही बजावत चढले. आबा वाड्याच्या तोंडाशी उभे होते. डाव्या हातानं त्यांनी दाजींचा उजवा हात धरला आणि सोडला नाही. घराला लागूनच गोठा होता. दाजी सरळ तिकडं गेले. आत सरपण रचून ठेवलेलं होतं. दावणीला काही बांधलेलं नव्हतं.

"भुरी चराय गेली का?" दाजींनी विचारलं.

"भुरी इकली," आबा म्हणाले. "पावसाळ्याच्या तोंडालाच. पोराला धार देईना, आटाय लागली. खानापूरकडं एका घरी दिली. बरं हाय तिचं."

दाजी गोठ्याच्या खांबाला धरून उभे राहिले. मी मनात महिने मोजले. आबा भोरला राहायला आले, त्याच्या सहा महिने आधी.

"मग तीन आठवडं धार कुनाची काडत हुता?"

"तिचीच."

"मला बोलला न्हाई."

"तुमाला सांगितलं आस्तं तर तुमी काळजीत पडला आस्ता," आबा म्हणाले. "धारंचं सांगायला तुमीच हुता. मग मला कोन सांगनार?"

अंगणात एक शेळी होती. आबा तिच्यापाशी उकिडवे बसले, वाटी गुडघ्यांत धरली, आणि त्या दोन बोटांनी आणि अंगठ्यानं हळूहळू, थांबत थांबत, वाटीच्या तळाला लागेल एवढं दूध काढलं. मध्ये एकदा पकड सुटली. त्यांनी हात झटकला आणि परत लावला. दाजी 'सांभाळून' असंही म्हणाले नाहीत. आबांच्या सुनेनं त्या दुधाचा चहा केला; तेवढंसं दूध तिघांच्या चहाला, तो काळपटच दिसत होता. दाजींनी कप उजव्या हातात घेतला. काचेचा होता. डोंगराकडं तोंड करून त्यांनी तो सावकाश संपवला, आणि आणखी अर्धा कप मागितला.